यदुराजाचा प्रश्न

भागवताच्या एकादश स्कंधातील अवधूताची कथा आपणां सर्वांस परिचित आहे. एकनाथमहाराजांनी इ. स. १५७३ मध्ये काशीस पूर्ण केलेल्या टीकेत तिचा मोठा विस्तार केला आहे. परंतु ही कथा सांगताना आपण चोवीस गुरूंकडे धाव घेतो आणि आरंभीची एक गोष्ट सोडून देतो. तो अवधूत तरुण होता. लोकांस वेडा वाटावा असे त्याचे वागणे. यदुराजाने त्यास हटकले नाही की हाकलले नाही. आपल्या आनंदाचे कारण काय, असे नम्रपणे विचारले. भागवतकार यदूला धर्म जाणणारा म्हणतात ते याच ठिकाणी. पाचव्या स्कंधातील रहूगणाने मात्र जडभरताची टवाळी केली, आणि मागाहून पालखीतून उतरून त्याचे पाय धरले.

देवासला शीलनाथांच्या धुनीवर आपण मस्तक टेकतो. नाथपंथीयांचे भस्म, जटा, कानांतील कुंडले आपणांस पूज्य वाटतात. पण आपल्याच आळीतील मुलगा केस रंगवून, काळा वेष करून आरतीस आला, की सभामंडपात कुजबुज सुरू होते. भिकबाळी घातलेल्या पणजोबांच्या तसबिरीखाली नातवाला कानातल्या बाळीवरून बोल लावले जातात! केस रंगविल्याने कोणी अवधूत होत नाही, हे आम्हांसही कळते. तथापि वेषावरून कोणाचे शील ठरविण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

अशा तिरस्काराची परिसीमा इंग्लंडात दिसली. लँकेशायरमधील बेकप गावी २००७ च्या ऑगस्टात सोफी लँकेस्टर ही वीस वर्षांची मुलगी आपल्या मित्रासह बागेतून जात होती. दोघांचा वेष ‘गॉथ’ म्हणविणाऱ्या तरुणांचा. काही पोरांनी प्रथम त्या मित्रास बेदम मारले. सोफीने त्याचे मस्तक मांडीवर घेतले, तेव्हा ती पोरे तिच्यावर तुटून पडली. तेरा दिवसांनी ती गेली, मित्र वाचला. मारणारेही किशोरवयीनच होते. वेगळ्या वेषाच्या माणसांची कुचेष्टा करण्यास त्यांस कोणीतरी शिकविलेच असेल. पुढे २०१३ मध्ये मँचेस्टर परिसराच्या पोलिसांनी अशा हल्ल्यांची द्वेषमूलक गुन्हे म्हणून निराळी नोंद आरंभिली.

धार-देवासच्या आपल्या मंदिरांत अशा नोंदवहीची वेळ येऊ नये. येत्या एकादशीस तो मुलगा दाराशी घुटमळताना दिसला, तर वडीलधाऱ्यांपैकी कोणीतरी उठून त्यास आत घ्यावे आणि झांजांची एक जोडी त्याच्या हाती द्यावी. नाहीतरी आरतीला झांजा वाजविणारे हात हल्ली कमीच पडतात.