उतारावरचा गिअर



आजचं वाचन: कठोपनिषद, पहिला अध्याय, तिसरी वल्ली, मंत्र ३ ते ९.

रथाचं रूपक तुम्ही कुठे ना कुठे ऐकलेलं असेलच. शरीर म्हणजे रथ, आत्मा त्यात बसलेला मालक, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रियं घोडे. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. पण यमाने नचिकेताला याच यादीत आणखी एक गोष्ट सांगितली आहे आणि ती हमखास निसटते. डोळ्यांना दिसतं, कानांना ऐकू येतं, जिभेला हवंसं वाटतं ते सगळं, म्हणजे विषय, हे काय? तर रस्ता. यम त्यांना शत्रू म्हणत नाही. घोडे त्याच रस्त्यावरून धावणार, रथही त्यावरूनच जाणार. आणि नवव्या मंत्रात तो म्हणतो की ज्याचा सारथी जागा आहे, तो या रस्त्याच्या शेवटाला पोहोचतो, ते विष्णूचं परमपद.

मी दोंडाईच्याचा. रस्ता म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर एकच येतो, सातपुड्यातून निघून समुद्राला जाणारा. तोरणमाळहून उतरायचं, शहादा, मग सारंगखेड्याला तापीचा पूल, दोंडाईचा, नंदुरबार, विसरवाडी. तिथे धुळ्याकडून कोंडाईबारीचा घाट उतरून आलेला सुरतचा हायवे लागतो. पुढे नवापूर, सोनगढ, व्यारा, बारडोली, सुरत आणि शेवटी डुमस. साधारण तीनशे किलोमीटर. (नवापूरला रेल्वेने गेलात तर अजून मजा, एकाच फलाटाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत.)

तोरणमाळ समुद्रसपाटीपासून साडेअकराशे मीटरच्या आसपास आहे. महाशिवरात्रीला गोरक्षनाथांच्या यात्रेसाठी आमच्याकडची पुष्कळ माणसं वर जातात. मला तिथे पहिल्यांदा मामांनी नेलं. मामांनी पंचवीस वर्षं ट्रक चालवला. परत येताना घाटाच्या अगदी माथ्यावर, उतार सुरू व्हायच्याही आधी, त्यांनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली. इंजिन ओरडायला लागलं. मी म्हटलं, मामा, उतारच तर आहे, जाऊ द्या ना मोकळी. ते म्हणाले, "भाचा, ज्या गिअरमा गाडी चढस, त्याच गिअरमा उतारनी."

घाटात गाडी चालवणाऱ्याला यात नवीन काही नाही. उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला की ड्रम तापतो, लायनर जळाल्याचा वास येतो आणि मग नेमका जिथे ब्रेक हवा तिथेच तो लागत नाही. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवतं, ब्रेक वळणापुरता राखून राहतो. काही जण डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करतात. खरं तर आजच्या गाड्यांत गिअरमध्ये उतरताना इंजिनला डिझेल जवळजवळ जातच नाही, न्यूट्रलमध्ये मात्र ते चालू ठेवायला थोडं का होईना लागतंच. म्हणजे बचत काहीच नाही, फक्त गाडी हातातून सुटते.

आता हेच कठोपनिषदाला लावून बघा. आपल्यापैकी बहुतेकांचा संयम हा ब्रेकचा संयम असतो. रात्री एक वाजेपर्यंत रील्स, मग एकदम अपराधी वाटून अ‍ॅपच उडवून टाकायचं, आठ दिवसांनी परत घ्यायचं. राग पूर्ण चढल्यावर दात आवळायचे. चतुर्मासात सगळं सोडायचं आणि कार्तिकी झाली की दुप्पट. वेग आल्यानंतर जोर लावला की मन तापतं, आणि तापलेलं मन धरत नाही. गिअर हा माथ्यावर टाकायचा असतो, जिथे उतार अजून दिसतही नाही. सकाळचा एक जप, ठरलेल्या वेळेची झोप, जेवणाआधीचा एक क्षण. या गोष्टी करताना काही मोठं घडल्यासारखं वाटत नाही, उलट इंजिन उगीच ओरडतंय असंच वाटतं. मित्रही विचारतात, एवढं कशाला? उताराला लागल्यावर ज्याच्या-त्याच्या लक्षात येतं.

तोच रस्ता खाली सारंगखेड्याला येतो. दत्तजयंतीला इथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यातला घोडेबाजार देशभर नावाजलेला. लांबलांबचे व्यापारी येतात. तुम्ही एकदा तरी जा, आणि गर्दीतून थोडं बाजूला, जिथे घोडा चालवून दाखवतात तिथे उभे राहा. चांगला गिऱ्हाईक रंग बघतो, भोवरे बघतो, दात बघतो, पण शेवटी चाल बघतो. आणि चाल बघताना स्वाराच्या हाताकडे बघतो. स्वार लगाम ओढून ओढून घोड्याला चालवत असेल, तर भाव पडतो. शिकवलेल्या घोड्याचा लगाम ढिला असतो, पण सुटलेला नसतो. इतकं सैल धरूनही घोड्याला स्वाराचं मन कळतं.

पाचव्या आणि सहाव्या मंत्रात यम दोन प्रकारचे घोडे सांगतो, एक सारथ्याचं न ऐकणारे आणि दुसरे ऐकणारे. घोड्यांच्या जातीत फरक आहे असं तो म्हणत नाही. फरक आहे तो मन जोडलेलं आहे की नाही यात. घोडे मारा, घोडे विका, असं उपनिषदात कुठेच नाही. घोड्याशिवाय रथ जागचा हलणार नाही. इंद्रियं दाबून टाकणं म्हणजेच अध्यात्म, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे दोन मंत्र शांतपणे परत वाचावेत. मला स्वतःला या वल्लीतले हेच दोन मंत्र सगळ्यात जवळचे वाटतात, रथाच्या प्रसिद्ध मंत्रांपेक्षाही.

हे सगळं मी एवढं लांबण लावून का लिहितोय? आमच्या गल्लीत घराआड एक माणूस सुरतेला आहे. कुणी कापडाच्या कारखान्यात, कुणी हिऱ्याच्या, कुणाचं उधन्याला दुकान. तुमच्यापैकीही काही जण तिकडून वाचत असणार. आखाजी आली, दिवाळी आली की हीच मुलं शिफ्ट संपवून रात्री निघतात, बाईकवर, भाड्याच्या गाडीत, मालाच्या टेम्पोत पुढे बसून. "पहाटे पोचतो" म्हणतात. इकडे आई जागी असते. फोन करत नाही, कारण गाडी चालवताना मुलाने फोन उचलू नये. ती फक्त जागी असते. दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या अशाच एका आईचा मुलगा आला नाही. घाटात उतारावर. तेविसाव्या वर्षी. मी त्याला ओळखत होतो, शनिवारी मारुतीला यायचा.

त्यानंतर मी पहिली वल्ली परत वाचली तेव्हा एक गोष्ट पहिल्यांदा दिसली. नचिकेत यमाच्या दारात तीन रात्री उपाशी बसला आहे. यम तीन वर देतो. नचिकेताला आत्मज्ञान हवं आहे, मृत्यूनंतर काय ते हवं आहे, हे आपल्याला माहीत आहे. पण ते तिसऱ्या वराला. पहिला वर तो काय मागतो? माझ्या बापाचं मन शांत होऊ दे, त्याचा राग जाऊ दे, आणि मी इथून परत जाईन तेव्हा त्याने मला ओळखून जवळ करावं. आणि यम त्याला शब्द देतो की मृत्यूच्या तोंडातून सुटून आलेल्या तुला बघून तुझे वडील यापुढच्या रात्री सुखाने झोपतील.

ब्रह्मविद्येच्या ग्रंथात सगळ्यात आधी काय येतं, तर घरच्या माणसाची झोप. परमपद वगैरे पुढे. मोक्षाची एवढी मोठी चर्चा ज्या मुलाने घडवून आणली, त्याला पहिली काळजी होती ती घरी वाट बघणाऱ्याची. म्हणून सारथी जागा ठेवा हे मी रूपक म्हणून लिहीत नाहीये. डोळ्यांवर झोप आली की विसरवाडीला, नवापूरला, कुठेही गाडी बाजूला घ्या. चहा प्या, तासभर पडा. पहाटेऐवजी सकाळी दहाला पोचलात तरी आखाजीची पुरणपोळी तुमच्यासाठी झाकून ठेवलेलीच असते.

आमच्या अहिराणीत "कुठे" ला "कठे" म्हणतात. रस्त्यात ओळखीचा दिसला की पहिला प्रश्न हाच, "कठे चालना भाऊ?" कठ ऋषींचा आणि या शब्दाचा काही संबंध नाही हे मला ठाऊक आहे. तरी पुस्तकाच्या पाठीवरचं नाव वाचताना मला दर वेळी तो प्रश्नच ऐकू येतो.

तर शेवटाबद्दल. सोनगढच्या बाजूला उकाईचं धरण आहे, १९७२ मध्ये पूर्ण झालेलं. मुलताईहून निघालेली तापी, सूर्याची लेक, तिथे अडते. ऑगस्ट २००६ मध्ये याच धरणातून प्रचंड पाणी सोडावं लागलं आणि सुरत बुडाली. धरण कितीही मोठं असलं तरी त्याला भरायची एक रेषा असते. डुमसला पोहोचलात की मग समुद्र बघा. काळसर वाळू, भज्यांच्या गाड्या, मुलांचा आरडाओरडा, आणि जवळच तापीचं मुख. सातशेवर किलोमीटरचं पाणी, पुराचं असो की उन्हाळ्यातलं, तो घेतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात, सत्तराव्या श्लोकात, भगवंतांनी शांत माणसाला हीच उपमा दिली आहे. त्याच्यात इच्छा शिरतात, नद्या समुद्रात शिराव्यात तशा, आणि तो आपली जागा सोडत नाही. समुद्राने नद्यांना अडवलेलं नाही.

मामांना मी डुमसला घेऊन गेलो होतो, त्यांचं ट्रक चालवणं सुटल्यावर. इतकी वर्षं सुरतेच्या खेपा केल्या, पण समुद्र त्यांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. माल उतरवला की लगेच परत फिरायचं असायचं ना. बराच वेळ ते चपला हातात घेऊन पाण्यात उभे होते.

उद्या याच वल्लीतले मंत्र १० आणि ११ घेऊ. इंद्रियांच्या पलीकडे काय, मनाच्या पलीकडे काय, ही पायऱ्यांची मांडणी तिथे आहे. जमलं तर वाचून या.

राम कृष्ण हरी.