समूहातील एका स्वराचे दायित्व

ज्या कर्माचा कर्ता कोण हे कोणालाच ओळखता येत नाही, ते कर्म पूर्ण निष्ठेने करण्याचे बंधन मनुष्यावर आहे काय? प्रश्न जुना आहे. परंतु पाश्चात्त्य वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवून उपजीविका करणाऱ्याच्या आयुष्यात तो फार स्पष्टपणे दिसतो, म्हणून सूज्ञ वाचकांनी त्याकडे क्षणभर लक्ष द्यावे.

आपल्या मैफलीत एक गायक वा वादक प्रमुख असतो व गुणदोष त्याच्याच पदरी पडतात. मोठ्या वाद्यवृंदाची रचना निराळी आहे. तेथे पहिल्या व्हायोलिनांच्या गटात सुमारे १६ आणि दुसऱ्या गटात सुमारे १४ वादक असतात. दोघांपुढे मिळून स्वरलिपीची एकच प्रत असते. एकजण पान उलटतो तेव्हा दुसरा वाजवीत राहतो. गज केव्हा वर न्यावा व केव्हा खाली आणावा हेही आधी ठरलेले असते. अशा गटातील एकाने अवघड जागी गज नुसता तारांवरून फिरविला, तरी श्रोत्यांना त्याचा पत्ता लागत नाही.

येथे एक विलक्षण विसंगती आहे. या आसनावर पोहोचण्यासाठी बालपणापासून साधना करावी लागते. अनेक वृंदांत निवडीच्या वेळी उमेदवाराला पडद्याआड वाजवावयास लावतात, म्हणजे परीक्षकांनी व्यक्ती न पाहता केवळ नाद पारखावा. ज्याचा एकेक स्वर असा स्वतंत्रपणे तोलून घेतला, त्याचा स्वर पुढे आयुष्यभर कोणालाही वेगळा ऐकू येत नाही!

पूर्वपक्षी म्हणेल, "एकाच्या शैथिल्याने श्रोत्यांची हानी होत नसेल, तर दोष कोठे?" याचे उत्तर असे, की हा युक्तिवाद एकाला लागू असेल तर सोळाही जणांना लागू आहे, आणि सोळाजणांनी तो स्वीकारला तर संगीतच उरत नाही. म्हणजे शिथिल वादक इतरांच्या श्रमावर जगतो व ते ऋण लपवून ठेवतो. शेजारी बसलेल्याच्या कानाला ते कळतेच. शिवाय, सवलत घेण्यास सोकावलेला हात एकांतातही पूर्वीचा राहत नाही.

याच्या उलट दुसरा दोष आहे. आपला स्वर वेगळा ऐकू यावा म्हणून जो इतरांहून मोठ्याने वाजवितो, तोही नादाची एकरूपता मोडतो. हे दोन्ही दोष दिसण्यात परस्परविरुद्ध असले तरी त्यांचे मूळ एकच: 'माझे म्हणून ओळखले जाईल तेवढेच काम करण्याजोगे.' पूर्ण सामर्थ्याने वाजवावे आणि तरीही वेगळे उठून दिसू नये, हेच या व्यवसायाचे खरे शील होय.

मुंबईचे मेहली मेहता (१९०८–२००२) यांचे चरित्र या दृष्टीने मननीय आहे. १९३५ साली त्यांनी मुंबईत सिंफनी वाद्यवृंद स्थापन केला व त्याचे अग्रवादक झाले. पुढे १९५० च्या दशकात, वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर, ते इंग्लंडातील मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात उपअग्रवादक म्हणून बसले. स्वतः उभारलेल्या वृंदात प्रथमस्थानी बसलेल्या पुरुषाने परक्या देशात दुय्यम स्थान पत्करले. नंतर अमेरिकेत, लॉस एंजेलिस येथे, १९६४ साली त्यांनी तरुणांचा वाद्यवृंद स्थापिला व तीस वर्षांहून अधिक काळ त्याचे संचालन केले.

अर्थात, निष्ठेचा उपदेश करून वादकाला योग्य वेतन नाकारणे हा अन्यायच होय. खांदा, मान व कान झिजविणाऱ्या श्रमांचे मोल त्याने अवश्य मागावे. परंतु वेतन हा त्याचा व व्यवस्थापकांचा व्यवहार आहे. स्वराची शुद्धता हे त्याचे सोबत्यांशी असलेले नाते आहे. पहिल्यात वाद असला तरी दुसरे मोडण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही.

भाषांतर करणारालाही हा प्रसंग नित्याचा आहे. अवघड शब्द हळूच गाळला तर मूळ ग्रंथ न पाहिलेल्या वाचकास ते कळत नाही. वाचकाचा विश्वास मात्र त्याच शब्दावर विसंबलेला असतो. आपल्यापैकी बहुतेकांचे काम असेच, अनेकांच्या कामात मिसळून जाणारे असते. म्हणून 'माझा स्वर कोणास ऐकू येतो?' असे विचारण्यापेक्षा 'माझ्या स्वरावाचून या नादात काय उणे पडेल?' असे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.