फसले की फसवले?

आमच्या घरात एक निळी प्लास्टिकची फाईल आहे. तिच्यात विम्याच्या पॉलिसी, रेशनकार्डाची झेरॉक्स, माझी दहावीची मार्कशीट आणि सगळ्यात खाली चार घड्या घातलेला एक प्रिंटआउट आहे. २००९ सालचा. तुमच्या ई-मेल आयडीला पाच लाख पौंडांची लॉटरी लागली आहे, असं त्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलंय. बाबांनी तो कागद अजून का ठेवलाय, हे मी त्यांना कधीच विचारलेलं नाही.

तेव्हा आम्ही वर्तकनगरला म्हाडाच्या जुन्या इमारतीत राहायचो. बाबा ठाण्यातल्या एका कारखान्यात फिटर होते. कारखाना बंद झाला, व्हीआरएसचे पैसे आले, ते बँकेत एफडीत गेले. बाबांना दुसरी नोकरी शोधायची होती आणि अर्जावर ई-मेल आयडी लागायचा. तो मीच सायबर कॅफेत बसून उघडून दिला. मी दहावीत होते. इंग्रजी चांगलं म्हणून घरात माझा दरारा होता. बाबांचे मेल मीच उघडायचे, मीच वाचून दाखवायचे.

तो मेलही मीच वाचला. प्रिंटचे पाच रुपये देऊन घरी आणला आणि जेवणं झाल्यावर बाबांना मराठीत समजावून सांगितला. त्यात एक शब्द मला अडला होता. डिक्शनरीत बघून मी म्हटलं, “लाभार्थी. म्हणजे तुम्ही.” बाबा हसले. आई म्हणाली, “अहो, पण आपण तिकीट कुठं काढलं होतं?”

प्रश्न बरोबर होता. उत्तर मी दिलं. मेलमध्येच होतं ते: जगभरातल्या ई-मेल आयडींमधून कॉम्प्युटरने सोडत काढली आहे, तिकिटाची गरज नाही. आईला कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं. ती गप्प बसली.

आधी साडेबारा हजार ‘प्रोसेसिंग फी’ म्हणून गेले. मग अडतीस हजार ‘कस्टम क्लिअरन्स’साठी. पैसे भरायचं खातं भारतातलंच, कुणा भलत्याच माणसाच्या नावाचं. तिसऱ्या वेळी एक लाख दहा हजार मागितले. बाबा एफडी मोडायला गेले तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म हातात घेऊन सहज विचारलं, “काका, घरात काही कार्य आहे का? एवढे पैसे कुणाला पाठवताय?” बाबांनी सांगितलं. त्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी बाबांना आत बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, “बक्षीस देणारा कधी आधी पैसे मागतो का, काका?”

पन्नास हजार पाचशे रुपये गेले. बाबा पोलिसांकडे गेले नाहीत. बिल्डिंगमध्ये कुणाला कळू दिलं नाही. आणि त्या रात्री मी, दहावीतली हुशार मुलगी, त्यांना म्हणाले, “बाबा, तुम्ही फसलात कसे?”

पुढची कितीतरी वर्षं मी ही गोष्ट मित्रमैत्रिणींना विनोद म्हणून सांगत आले. त्या विनोदात मेल वाचून दाखवणारी मुलगी नसायची. फक्त बाबा असायचे.

या मेलची जात जुनी आहे. ई-मेलच्याही आधी ती पत्रांतून यायची. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत लोकांना पत्रं येत: स्पेनच्या तुरुंगात एक श्रीमंत माणूस अडकलाय, त्याला सोडवायला थोडे पैसे धाडा, सुटल्यावर तो तुम्हाला मालामाल करील. नंतर कैद्याच्या जागी आफ्रिकेतल्या मंत्र्याची विधवा आली, तिच्या जागी लॉटरी. नायजेरियाच्या दंडसंहितेतल्या कलमावरून या प्रकाराला ‘चारशे एकोणीस’ असंच नाव पडलं. आपल्याकडे ‘चारसोबीस’, तिकडे एक आकडा कमी. आपल्याकडे तर रिझर्व्ह बँकेच्या नावाने, गव्हर्नरांच्या नावानेही असे मेल आले. बँकेला वारंवार सांगावं लागलं की आम्ही कुणा व्यक्तीचं खातं उघडत नाही आणि कुणाला बक्षिसं वाटत नाही. परदेशी लॉटरीत भाग घ्यायला इथून पैसे पाठवणं तर फेमा कायद्याने बंदच आहे.

हे मेल इतके वाईट का लिहिलेले असतात, असा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. स्पेलिंगच्या चुका, अविश्वसनीय आकडे, राजपुत्र वगैरे. मायक्रोसॉफ्टमधल्या कॉर्मॅक हर्ली या संशोधकाने २०१२ साली यावर एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मेल लाखोंना फुकट पाठवता येतो, पण उत्तर देणाऱ्या प्रत्येकामागे ठगाचा वेळ जातो. म्हणून शंकेखोर माणूस पहिल्याच ओळीला गळून जावा, ही त्याची सोय असते. मेलचा भंपकपणा ही चाळण आहे. चाळणीत जो उरतो, त्याच्यावरच मेहनत घ्यायची.

हे वाचलं तेव्हा मी मोबाइल बाजूला ठेवला. कारण बाबांनी तो मेल वाचलाच नव्हता. त्यांनी ऐकलं ते माझं मराठी. चुका मी दुरुस्त केल्या होत्या, विसंगती मी जोडून घेतल्या होत्या, ‘लाभार्थी’ हा भारदस्त, सरकारी शब्द मी आणून बसवला होता. चाळणीला पडलेलं भोक मी होते. आणि मी हे का केलं? कारण मला घरात कॉम्प्युटर हवा होता.

म्हणून ‘लोभी माणूसच फसतो’ हे वाक्य मला आता सरळ गिळता येत नाही. ते पूर्ण खोटं आहे असं मी म्हणणार नाही. ब्राझीलच्या बांको नोरोएस्ते या बँकेतला नेल्सन साकागुची हा वरिष्ठ अधिकारी होता. १९९५ ते १९९८ या काळात त्याने बँकेचे तब्बल २४ कोटी २० लाख डॉलर नायजेरियातल्या एका विमानतळासाठी पाठवले. विमानतळ अस्तित्वातच नव्हता. समोरून बोलणारा इमॅन्युएल न्वुडे स्वतःला नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेचा गव्हर्नर म्हणवत होता. साकागुचीला एक कोटी डॉलर कमिशनचं आमिष होतं आणि पैसे दुसऱ्याचे होते. तिथे लोभ म्हणा, माझी हरकत नाही. पण ‘अडाणी लोक फसतात’ हे तरी म्हणू नका. तो बँकर होता.

बाबांचं वेगळं होतं. त्यांच्या डोळ्यांसमोर ठाणं बदलत होतं. ज्या जमिनीवर माणसं तीन पाळ्यांत घाम गाळत, तिथे टॉवर उभे राहत होते. काही लाखांत घेतलेलं घर काही न करता कित्येक पटींनी महाग होत होतं. तीस वर्षं पाना फिरवून जे मिळालं नाही, ते कुणाला केवळ योग्य जागी पडलेल्या सातबाऱ्याने मिळत होतं. कष्ट आणि पैसा यांची ताटातूट त्यांनी रोज पाहिली होती. मग एका संध्याकाळी कागदावर आलं की या वेळी नशिबाने तुमचा नंबर काढलाय, तर त्यात अशक्य काय होतं? सरकारही १९६९ पासून लॉटरी विकतंच आहे. बाबांना लोभ सुटला नव्हता. आपल्यालाही कधीतरी मिळायला हरकत नाही, एवढंच त्यांना वाटलं. ठग नेमकं हेच ओळखतो. आपण जगाकडून जे कधीचं येणं धरून बसलेलो असतो, ते फेडायला आल्याचं सोंग तो घेतो.

या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि तीही आमच्याच जिल्ह्यातली. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथे बसलेली तरुण मुलं अमेरिकेतल्या लोकांना फोन करून, आपण तिथल्या आयकर खात्याचे अधिकारी आहोत असं सांगत. कर थकलाय, आत्ता भरा, नाहीतर अटक. वसुली गिफ्ट कार्डांतून. सत्तरएक जणांना अटक झाली. अमेरिकेतही खटला चालला आणि २०१८ मध्ये तिथल्या साथीदारांना २० वर्षांपर्यंतच्या शिक्षा झाल्या. फसवले गेलेल्यांत म्हातारी माणसं आणि तिथे स्थायिक व्हायला गेलेले परदेशी लोक बरेच होते.

त्या दिवसांत ट्रेनमध्ये, चहाच्या टपरीवर लोक याबद्दल कोणत्या सुरात बोलत होते, ते मला आठवतं. “काय डोकं आहे पोरांचं! अमेरिकेला टोपी घातली.” म्हणजे आमची पोरं फसवतात तेव्हा ती हुशार, आणि आमचे बाबा फसतात तेव्हा ते मूर्ख. दोन्ही वेळा कौतुक ठगाचंच. त्या कॉल सेंटरमधलं एखादं पोर आमच्या बिल्डिंगमधलंही असू शकलं असतं. चांगलं इंग्रजी, घरात दरारा, आणि लवकर पैसे हवेत. त्याच्यात आणि दहावीतल्या माझ्यात मला फार अंतर दिसत नाही.

आपल्या भाषेकडेच बघा. मामा बनवलं, शेंडी लावली, टोपी घातली, गंडवलं. सगळ्यात एक गंमतीचा सूर आहे. आणि सगळ्यात साधं क्रियापद, ‘फसणे’, त्यात तर करणारा दिसतच नाही. चिखलात पाय फसावा तसा माणूस आपला आपण फसतो. ‘बाबा फसले’ या वाक्यात बाबा एकटेच आहेत. ‘बाबांना फसवलं’ म्हटलं की लगेच विचारावं लागतं, कुणी? मग मेल लिहिणारा येतो, खातं भाड्याने देणारा येतो, आणि नाइलाजाने भाषांतर करणारी मुलगीही येते.

तुम्ही म्हणाल, म्हणजे फसणाऱ्याची काहीच जबाबदारी नाही? आहे. बाबा लहान मूल नव्हते, आणि त्यांची सगळी चूक पुसून टाकणं हाही त्यांचा अपमानच. आईचा प्रश्न त्यांनी ऐकला होता. पण चूक आणि गुन्हा यांत फरक आहे. चुकीची किंमत त्यांनी पन्नास हजार रुपयांनी मोजली. मी हसून जी किंमत वसूल केली, ती वरची होती. आणि त्या हसण्याने नुसतं मन दुखावत नाही, ठगाचं काम सोपं होतं. असे मेल ओळखायच्या खुणा मोजक्याच आहेत: आधी पैसे मागतात, घाई करतात आणि ‘कुणाला सांगू नका’ म्हणतात. पहिल्या दोन खुणा त्यांच्या हातात. तिसरी आपण त्यांना आयती देतो. आपल्या घरात फसलेल्याला हसतात हे ज्याला माहीत आहे, त्याला ‘कुणाला सांगू नका’ असं बजावावं लागतच नाही.

आता मेलची जागा व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामने घेतली आहे. २०२५ च्या जानेवारीत टोरेस या दागिन्यांच्या दुकानांचा डोलारा कोसळला. दादर, मीरा रोड, कल्याण, सगळीकडे माणसं बंद शटरसमोर उभी होती. आठवड्याला काही टक्के परताव्याचं आमिष होतं. आठवड्याला सहा टक्के धरले आणि ते पुन्हा गुंतवत गेलं, तर वर्षात एका लाखाचे वीस लाख होतात. हे गणित फोनवर अर्ध्या मिनिटात होतं. पण शेजारणीला पहिले काही हप्ते खरोखर मिळालेले असतात, आणि शेजारणीपुढे गणित टिकत नाही.

डोंबिवलीच्या माझ्या मावसभावाला असंच झालं. घरबसल्या हॉटेलांना रेटिंग द्या, दर रेटिंगला पैसे. पहिल्या दिवशी साडेचारशे रुपये खरंच आले. मग ‘प्रीपेड टास्क’ सुरू झाले, आधी भरा, नंतर दुप्पट घ्या. चौसष्ट हजार गेल्यावर एका रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. “ताई, आईला सांगू नकोस.” पोरगा इंजिनिअर आहे. माझ्या ओठांवर ते जुनं वाक्य आलं होतं. तेवढ्यात त्या काउंटरवरच्या बाई आठवल्या. मी विचारलं, “शेवटचे पैसे कधी पाठवलेस?” तो म्हणाला, तासाभरापूर्वी. “मग आधी १९३० ला फोन लाव. आत्ता. पैसे खात्यातून काढले जायच्या आधी बँकेला अडवता येतात.” अकरा हजार अडकवले गेले. बाकीचे गेले ते गेले.

दुसऱ्या दिवशी तो आमच्याकडे आला. मान खाली घालून सोफ्यावर बसला. बाबांना मी सगळं सांगितलं होतं. ते उठले, आतून निळी फाईल घेऊन आले, तळाचा कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. त्याने घड्या उलगडून वाचला आणि म्हणाला, “काका, यात तर केवढ्या चुका आहेत.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. “वाचून दाखवला तेव्हा नव्हत्या,” ते म्हणाले.

मग त्यांनी कागद परत घडी करून फाईलमध्ये ठेवला. मी चहा टाकायला आत गेले.