कादंबरीतली गोळी

मारेकऱ्यांच्या कादंबऱ्या मला मनापासून आवडतात. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहून मराठी वाचकाला रात्र रात्र जागवले. ती गोडी आमच्या तिवसा गावीही पोचलेली आहे. दिवाळीत, कापूस वेचणीच्या धांदलीतून सवड काढून, आम्ही असली पुस्तके वाचतो.

या पुस्तकांचे तीन संकेत ठरलेले. मारेकऱ्याचा नेम चुकत नाही, हात कापत नाही आणि मेलेल्याच्या घरी कोणी रडत नाही. पहिल्या दोन थापा मी हसून सोडून देतो. तिसरी मात्र घशात अडकते.

२२ जून १८९७ ची पुण्यातली गणेशखिंडीची रात्र आठवा. चापेकर बंधू काही भाडोत्री मारेकरी नव्हते. प्लेगच्या बंदोबस्तातील जुलमाने ते पेटले होते. तरीही गोळ्या दोन गाड्यांत शिरल्या. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला. रँड अकरा दिवसांनी, ३ जुलैला. पुढे फितुरी झाली, फितुरांवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि १८९८-९९ मध्ये एकाच घरातले तीन भाऊ फासावर चढले. कादंबरीत यातली पहिली रात्र तेवढी उरली असती.

मग असली पुस्तके वाचूच नयेत काय? छे! जरूर वाचावीत. फक्त खून सोपा वाटावा म्हणून लेखकाने दोन्हीकडच्या ज्या आया गाळल्या, त्यांना वाचकाने मनात जागा द्यावी. तेवढ्याने गोष्टीची गोडी कमी होत नाही.