आप्तवचन आणि इंजिनातले वंगण

टर्बोचार्जर बसवलेल्या मोटारीत कोणते इंजिन ऑईल आणि कोणते इंधन घालावे, हा प्रश्न सहसा गॅरेजात विचारला जातो आणि तेथेच दोन मिनिटांत मिटवलाही जातो. परंतु त्याची घडण नीट पाहिली तर तो भारतीय दर्शनांतील एका जुन्या प्रश्नाच्या जातीचा आहे, आणि तो प्रश्न असा की, जे डोळ्यांना दिसत नाही आणि ज्याचे फळही लगेच हाती येत नाही, त्याविषयी माणसाने कोणाचे ऐकावे व का ऐकावे. पालघर-बोईसर रस्त्यावर रोज ये-जा करणारी मोटार आणि सातपाटीच्या खाडीतून समुद्रात जाणारी बोट या दोहोंना हा प्रश्न लागू पडतो, मात्र दोघींना त्याचे उत्तर सारख्या वेगाने मिळत नाही, आणि या लेखाचा विषय मुख्यतः तो फरक आहे.

टर्बोचार्जर म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या जोरावर फिरणारे चाक. ते ज्या दांड्यावर बसते त्याच्या दुसऱ्या टोकाचे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते आणि लहान इंजिनाकडून मोठ्या इंजिनाचे काम करून घेते. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. आजच्या लहान पेट्रोल गाडीत हा दांडा जोरात असताना मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो, त्याच्या एका अंगाला नऊशे अंश सेल्सियसच्या आसपास तापलेले वायू असतात, आणि दांडा व त्याचे बेअरिंग यांच्यामध्ये केसापेक्षाही बारीक असा वंगणाचा थर असतो. तो थर टिकला तर धातू धातूला न शिवता तरंगत राहतो. तो पातळ होऊन फाटला किंवा करपून कोळशासारखा चिकटला तर टर्बोचे आयुष्य तेथेच सरते. हा थर आजवर एकाही मालकाने पाहिलेला नाही.

न्यायदर्शन यथार्थ ज्ञानाची चार साधने, म्हणजे चार प्रमाणे, मानते: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. मोटारमालक पहिल्याने प्रत्यक्षाकडे वळतो. डिपस्टिक काढून ऑईलची पातळी पाहण्यापुरते प्रत्यक्ष समर्थ आहे, आणि तेवढे तरी दर पंधरवड्याला करावे. पण त्यापुढे डोळा फसवतो. ऑईल काळे झाले म्हणजे खराब झाले, ही समजूत इतकी रूढ आहे की तिच्यावर शंका घेणाराच अडाणी ठरतो. वास्तविक डिझेल इंजिनात नवे ऑईल थोड्याच दिवसांत काळे पडते, कारण काजळी एका जागी साचू न देता ती आपल्यात विखरून धरणे हे त्यातील मलनिवारक द्रव्यांचे कामच असते. काळेपणा ही पुष्कळदा ऑईल काम करीत असल्याची खूण असते, तर उलट सोनेरी दिसणाऱ्या ऑईलमध्ये पेट्रोल मिसळून ते निकामी पातळ झालेले असू शकते.

उपमानाची गतीही तशीच. गाय पाहिलेल्या माणसाने गवय हा गायीसारखा रानपशू ओळखावा तो सादृश्यावरून, पण सादृश्य म्हणजे एकत्व नव्हे. ज्या घरी बोटही आहे आणि मोटारही आहे, तेथे बोटीसाठी आणलेल्या जाड डिझेल ऑईलच्या डब्यातून मोटारीत थोडे ओतण्याचा मोह होऊ शकतो, कारण दोन्ही इंजिनेच आणि दोन्ही वंगणेच. ‘१५डब्ल्यू-४०’ या अंकांतील पहिला भाग थंड असतानाचा आणि दुसरा शंभर अंशाला तापल्यावरचा दाटपणा सांगतो. ‘०डब्ल्यू-२०’ साठी घडवलेल्या इंजिनात ते जाड ऑईल सकाळच्या पहिल्या क्षणांत टर्बोपर्यंत उशिरा पोहोचते. ऑईल उत्तम असते, फक्त ते त्या इंजिनाचे नसते.

अनुमानाच्या बाबतीत न्यायशास्त्राने मोटारीच्या जन्माआधीच जणू मोटारीचा विचार करून ठेवला आहे. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे, हे या शास्त्राचे पाठातले उदाहरण. धूर असेल तेथे अग्नी असतोच, या अव्यभिचारी संबंधाला व्याप्ती म्हणतात. मात्र हे वाक्य उलटे करून अग्नी असेल तेथे धूर असतो असे म्हटले तर ते खोटे ठरते, कारण तापलेल्या लोखंडात अग्नी असूनही धूर नसतो. धूर निघण्यासाठी इंधन ओले असावे लागते. ही जी लपलेली अट, तिला उपाधी म्हणतात, आणि ‘आर्द्र इंधनाचा संयोग’ हेच तिचे प्रसिद्ध उदाहरण आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेली भीमाचार्य झळकीकरांच्या ‘न्यायकोशा’ची आवृत्ती ज्यांच्या संग्रही असेल, त्यांना अशा संज्ञांचा काथ्याकूट तेथे भरपूर सापडेल.

आता निळसर धूर दिसला तर इंजिनात ऑईल जळते आहे एवढे अनुमान निर्दोष आहे, परंतु ते पिस्टनच्या रिंगांतून येते, व्हॉल्व्हच्या सीलमधून की टर्बोच्या सीलमधून, हे त्या धुरावरून ठरत नाही. तरीही धूर पाहताच टर्बो बदलायला सांगणारे आहेतच. उपाधीचा याहून सूक्ष्म खेळ किमतीत दिसतो. महाग ऑईल घालणाऱ्यांची इंजिने जास्त टिकतात, असे अनुभवाला येते आणि त्यावरून महाग ऑईल हे टिकण्याचे कारण मानले जाते. पण जो महाग ऑईल घेतो तो बहुधा वेळेवर बदलतोही, थंड इंजिनावर जोर देत नाही, आणि दूरच्या प्रवासानंतर लगेच चावी बंद न करता इंजिन थोडा वेळ चालू ठेवतो. टिकाऊपणाची व्याप्ती या काळजीशी आहे आणि किंमत केवळ तिच्या सोबतीने आलेली आहे.

म्हणून प्रश्न अखेर शब्दप्रमाणावर येऊन ठेपतो. शब्द म्हणजे आप्ताचा उपदेश, आणि आप्त कोण याचे उत्तर न्यायभाष्यकार वात्स्यायनाने मोठ्या मोकळेपणाने दिले आहे: ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे तो आप्त, मग तो ऋषी असो, आर्य असो वा म्लेंच्छ असो. जपानी किंवा जर्मन कारखान्याने छापलेली गाडीची पुस्तिका या व्याख्येत सहज बसते. गॅरेजातला मिस्त्रीही बसू शकतो, पण ज्याला एका विशिष्ट डब्यावर अधिक नफा मिळतो, त्याच्या ‘सांगण्याच्या इच्छे’त दुसरी इच्छा मिसळलेली असते, आणि तेवढ्या अंशाने त्याचे आप्तत्व उणे होते. यात कोणाच्या सचोटीवर शिंतोडा नाही. व्याख्येचा तो सरळ परिणाम आहे.

शब्द प्रमाण मानला तरी त्यातला प्रत्येक शब्द सारखा नसतो, हे मीमांसकांनी दाखवले. वेदवाक्यांत त्यांनी विधी आणि अर्थवाद असा भेद केला; विधी म्हणजे काय करावे ते सांगणारे वाक्य, अर्थवाद म्हणजे त्या कर्माची स्तुती, जी स्वतंत्रपणे काही आज्ञा देत नाही. ऑईलच्या डब्याची दर्शनी बाजू बहुतेक अर्थवादाने भरलेली असते, त्यात इंजिनाला नवे जीवन आणि वाघाचे बळ यांची आश्वासने असतात, आणि विधी मागच्या बाजूला बारीक अक्षरात सापडतो: एसएई या संस्थेने ठरवलेला दाटपणा, एपीआयची श्रेणी, युरोपीय गाड्यांसाठी एसीईएचे वर्ग. २०२० च्या मे महिन्यात लागू झालेली ‘एसपी’ ही श्रेणी टर्बो गाड्यांसाठी विशेष महत्त्वाची आहे. इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या लहान टर्बो इंजिनात कमी वेगावर जास्त भार पडला तर ऑईल व इंधन यांचे मिसळलेले थेंब ठिणगी पडण्याआधीच पेटतात आणि त्या हादऱ्याने पिस्टन फुटू शकतो. ऑईलमधील कॅल्शियमयुक्त मलनिवारके या अकाली ज्वलनाला हातभार लावतात असे आढळल्यावर ऑईलची घडण बदलण्यात आली. वंगणाने इंधन होऊन बसणे, हा येथील अनर्थ आहे.

विधी कोणासाठी, म्हणजे अधिकारी कोण, हाही मीमांसेचा आवडता प्रश्न. गाडीच्या पुस्तिकेत ऑईल बदलण्याच्या दोन मुदती असतात, एक सामान्य वापराची आणि दुसरी कठीण वापराची, आणि आपला वापर सामान्य आहे असे जवळजवळ प्रत्येकाला वाटते. परंतु पालघरहून बोईसरला, तेथून तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, मालवाहू ट्रकांच्या मागे थांबत थांबत जाणारी दहा-बारा किलोमीटरची फेरी, दमट खारी हवा आणि धूळ, ही पुस्तिकेच्या भाषेत कठीण वापराची लक्षणे आहेत, कारण इतक्या अंतरात ऑईल पुरते तापत नाही आणि त्यात उतरलेले पेट्रोल व पाणी उडून जात नाही. अशा माणसाला लांब मुदतीचा विधी लागूच नाही.

सांगितलेले द्रव्य न मिळाल्यास काय करावे, यासाठी जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात प्रतिनिधीची, म्हणजे पर्यायी द्रव्याची, चर्चा आहे. तांदूळ नसेल तर त्याच्यासारखे नीवार चालतात. परंतु उडदासारखे जे धान्य यज्ञाला निषिद्धच आहे, ते कितीही सारखे दिसले तरी प्रतिनिधी होऊ शकत नाही. ‘०डब्ल्यू-२०’ न मिळाल्यास पुस्तिका परवानगी देत असेल तर ‘५डब्ल्यू-३०’ हा नीवार झाला. डिझेलमध्ये रॉकेल मिसळणे हा उडीद, आणि ते कायद्यानेही निषिद्ध आहे. दिसायला मिळतेजुळते असले तरी रॉकेलचा स्निग्धपणा कमी, आणि डिझेलचा पंप त्याच डिझेलच्या स्निग्धपणावर जगतो.

पेट्रोलच्या बाबतीत थोडक्यात आटोपता येते. ऑक्टेन म्हणजे ठिणगीशिवाय न पेटण्याची इंधनाची सोशिकता. बीएस-६ मानकात साध्या पेट्रोलसाठी ती किमान ९१ धरली आहे, आणि पुस्तिका ९५ मागत असेल तरच ९५ चे पैसे मोजण्याला अर्थ आहे. २०२३ पासून देशात आलेल्या वीस टक्के इथेनॉलच्या मिश्रणाने ऑक्टेन वाढतो, पण इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश एवढीच ऊर्जा असल्याने मायलेज घटते. जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांना ते मानवते की नाही, हे पुन्हा पुस्तिकेलाच विचारावे लागते. अमेरिकेत १९६२ साली निघालेल्या ओल्ड्समोबिल जेटफायर या टर्बो गाडीला पाणी व मिथेनॉल यांचे वेगळे मिश्रण बाटलीत भरावे लागे, आणि ते भरण्याचे मालकांच्या ध्यानात राहत नसे. दोन वर्षांत ती गाडी बंद झाली. विधी बिनचूक होता, अनुष्ठान झाले नाही.

आता मूळ फरकाकडे येता येते. ज्ञान खरे आहे हे कशावरून, या प्रश्नावर नैयायिक म्हणतात की त्यावर विसंबून केलेली कृती सफळ झाली म्हणजे. सातपाटीच्या बोटीला ही कसोटी लवकर लागते. पापलेटासाठी दूर समुद्रात गेलेल्या बोटीचे इंजिन बंद पडले तर तांडेलाला आणि खलाशांना त्याच रात्री कळते की कोणाचे सांगणे खरे होते. म्हणून १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात इंजिने उघडली जातात आणि त्या कामात नाखवा सहसा कसूर करीत नाही; नारळी पौर्णिमेचा नारळ आणि इंजिनातले नवे ऑईल यांत त्याला विसंगती वाटत नाही, आणि ती नाहीही, कारण एकाने दुसऱ्याची जागा घेतलेली नसते. दसऱ्याला मोटारीला झेंडूचा हार घालून वर्षभर डिपस्टिक न पाहणाऱ्याच्या पूजेबद्दल मात्र असे म्हणता येत नाही.

मोटारीचे फळ उशिरा येते. यज्ञ आज संपतो आणि स्वर्ग पुढे केव्हातरी मिळतो, यांमधला सांधा जोडण्यासाठी मीमांसकांनी ‘अपूर्व’ नावाची अदृश्य शक्ती कल्पिली. चुकलेल्या ऑईलचा टर्बोवर साचणारा करपट थर हे तसेच अपूर्व आहे, फक्त इंजिन उघडले तर ते दिसते. आणि तेवढ्या काळात गाडी विकलीही जाते. कर्मसिद्धान्ताचे समर्थक दोन दोष टाळू पाहतात: कृतहानी, म्हणजे केलेल्याचे फळ न मिळणे, आणि अकृताभ्यागम, म्हणजे न केलेल्याचे फळ माथी येणे. जुन्या गाड्यांच्या बाजारात हे दोन्ही दोष राजरोस घडतात, कारण निष्काळजी पहिला मालक सुटतो आणि टर्बोचा खर्च दुसऱ्याच्या गळ्यात पडतो. सर्व्हिसची नोंदवही जपून पुढच्याच्या हाती देणे हा त्यावर माणसाला करता येण्याजोगा उपाय आहे.

अकृताभ्यागमाची सर्वांत उघड जागा मात्र गाडीबाहेर आहे. काढलेले जळके ऑईल गटारात ओतले की ते खाडीला मिळते, आणि त्या समुद्रात तो रुपेरी पापलेट राहतो, ज्याला महाराष्ट्राने २०२३ मध्ये राज्यमासा म्हणून घोषित केले. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले ऑईल हा घातक कचरा असून ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यावे लागते. ऑईल बदलून घेताना जुने कोठे जाते, एवढे वाचकाने मिस्त्रीला विचारावे.