खाली सही करणार

माणूस मुळात प्रामाणिक असतो की नसतो, या प्रश्नावर तत्त्वज्ञांनी हजारो वर्षं डोकं खाजवलं. बँकेने तो दोन चाव्यांत सोडवला. तिजोरीची एक चावी कॅशियरकडे, दुसरी साहेबांकडे. एकट्या कॅशियरला तिजोरी उघडता येत नाही, एकट्या साहेबांनाही नाही. दोघांवरही बँकेचा विश्वास आहे, फक्त निम्मा निम्मा. व्हाउचर एकाने लिहायचं, दुसऱ्याने तपासायचं आणि ऑडिटरने येऊन दोघांनाही झाडायचं. अशा पवित्र वातावरणात माझी वीसेक वर्षं गेली. त्यामुळे कोणी बघत नसताना माणसाने कसं वागावं, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. बँकेत कोणी बघत नाही असं होतच नाही.

तो प्रश्न आमच्या घरी आला तो पीडीएफच्या रूपाने.

झालं असं, की आमच्या सौभाग्यवतींनी बी.ए.ला नाव घातलं. बारावी झाली, लग्न झालं, मग दोन मुलं, सासूबाईंचा गुडघा, असं करत करत शिक्षण जे मागे पडलं ते बेचाळिसाव्या वर्षी एकदम पुढे आलं. तेही ऑनलाइन. उलव्यात राहणाऱ्या माणसाला ऑनलाइन या प्रकाराचं फारसं नवल वाटत नाही. आम्ही इथे फ्लॅट घेतला तेव्हा स्टेशन नकाशात होतं, विमानतळ भाषणात होता आणि पाणी टँकरमध्ये. पुढे ११ नोव्हेंबर २०१८ ला बामणडोंगरी-खारकोपरला खरीखुरी लोकल आली. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, नदी वळवली आणि २५ डिसेंबर २०२५ पासून डोक्यावरून विमानंही जाऊ लागली. आधी विश्वास आणि मग वस्तू, हा क्रम आमच्या अंगवळणी पडलेला आहे.

आणि घरबसल्या पदवी तरी कुठे नवी आहे? मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्येच पत्रद्वारा शिक्षण सुरू केलं होतं, नाशिकचं मुक्त विद्यापीठही १९८९ चं. पण टपालाने शिकणाऱ्याची एक मोठी सोय होती. पोस्टमन कधी "कॅमेरा चालू करा" म्हणत नसे.

तर ती पीडीएफ. 'ऑनलाइन वर्गातील संवाद, वर्तन व शैक्षणिक प्रामाणिकपणा', पानं अकरा. आमच्या लग्नात भटजींनी एवढ्या अटी सांगितल्या नव्हत्या.

पहिला नियम, वर्गात येताना स्वतःचं पूर्ण नाव दिसलं पाहिजे. हिने वर्ग सुरू केला तो मुलाच्या टॅबवर. त्यामुळे पहिले तीन दिवस सर हजेरी घेताना अत्यंत गंभीरपणे विचारीत, "डेंजर बॉय झिरो सेव्हन, आहात का?" आणि आमची ही पदर सावरून म्हणे, "हजर, सर!"

दुसरा नियम, सगळी अक्षरं कॅपिटल टाकून लिहू नये, ते ओरडल्यासारखं वाटतं. आता मराठीत कॅपिटल अक्षरच नाही. म्हणजे देवनागरीत माणसाने ओरडायचं तरी कसं? त्याकरिता आपल्याला खिडकीत जावं लागतं.

तिसरा, शिक्षकांशी आदराने बोलावं. यात हिची खरी पंचाईत झाली. सर तासिका तत्त्वावरचे, वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. दिसतात थेट हिच्या भाच्यासारखे. एकदा ते शिंकले तर ही पटकन म्हणाली, "अरे, वाफ घे ना!" सगळा वर्ग स्तब्ध. इंग्रजीत 'यू' म्हटलं की भाचा आणि कुलगुरू दोघेही एका शब्दात उरकतात. आपल्याकडे तोंड उघडायच्या आधी समोरच्याचं वय, हुद्दा आणि नातं यांची बेरीज करावी लागते. सरांनी मात्र वाफ घेतली. दुसऱ्या दिवशी आवाज सुधारला होता.

कॅमेऱ्याच्या नियमाचा बळी मी. संध्याकाळी सात ते आठ हॉलमधून स्वयंपाकघरात जाण्याचा मार्ग कॅमेऱ्यासमोरून जातो. बनियनवरच्या गृहस्थाने वर्गात दिसणं हे वर्तनाच्या पानात बसत नाही. त्यामुळे आमचा धाकटा लहानपणी जेवढा रांगला नसेल तेवढा मी या वर्षी रांगलो. एकदा सर म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडून विमानासारखा आवाज येतोय." ही म्हणाली, "सर, विमानच आहे." पण सर्वांत जास्त वेळा जे वाक्य या वर्गात ऐकू येतं ते म्हणजे, "तुमचा आवाज येत नाही." तासाला निदान वीस वेळा. कधी सर म्हणतात, कधी मुलं.

शेवटची दोन पानं प्रामाणिकपणाची. ती मात्र मी कॉमर्सचा माणूस म्हणून आवडीने वाचली, कारण त्यांत आकडे होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याबद्दल नियम केले. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर माफ. मग दहा ते चाळीस, चाळीस ते साठ आणि साठच्या वर असे तीन टप्पे, अगदी इन्कम टॅक्सच्या स्लॅबसारखे. साठच्या वर गेलात तर नोंदणीच रद्द. शिवाय सर्वपरिचित किंवा योगायोगाने जुळलेले सलग चौदा शब्दांपर्यंतचे तुकडे मोजायचे नाहीत. हे सगळं खरं तर प्रबंधांसाठी, पण पीडीएफवाल्यांनी तेच माप गृहपाठाला लावलं होतं. मी ताबडतोब आमच्या बँकेची नोटीस आठवून शब्द मोजले. 'आपणास वारंवार सूचना देऊनही आपण थकीत रक्कम भरलेली नसल्याने होणाऱ्या पुढील कायदेशीर कारवाईस आपण जबाबदार राहाल.' सोळा! आणि हे आम्ही दर तिमाहीला शेकडो लोकांना पाठवतो. कर्जदारांची उत्तरंही एकमेकांशी इतकी जुळतात, की त्यांचीही नोंदणी रद्द व्हायला हवी.

मग पहिला गृहपाठ आला. 'महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाची वाटचाल, ५०० शब्द.'

आमच्या मजल्यावर तीनशे चारमध्ये जे गृहस्थ राहतात, तेही याच वर्गात आहेत. माणूस सज्जन. लिफ्ट बंद पडली की सगळ्यांचे सिलिंडर वर आणून देणारा. पदवी नाही म्हणून बढती अडली आहे, एवढंच. त्यांनी मोबाइलला प्रश्न सांगितला आणि हिच्या चहाला उकळी यायच्या आत मोबाइलने पाचशे शब्द काढून दिले. वर हिलाही म्हणाले, "वहिनी, तुमचंही काढू का? शब्द वेगळे घालायला सांगतो, म्हणजे जुळणार नाही."

इथे माझी आठ-दहाची लोकल विचारात गेली. कारण चोरी म्हटली की कोणाचं तरी काही गेलं पाहिजे. पूर्वी कॉपी करायची तर समोरच्याचा पेपर लागे, गाइड लागे, निदान गॅसपाइपवरून चढून चिठ्ठी पोचवणारा एखादा जिवाभावाचा मित्र लागे. १९८२ साली महाराष्ट्राने परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध कायदा केला तो त्या काळाला धरून. परीक्षा म्हटली की तिला खोली होती, खोलीला दार होतं. पुढे साथ आली, २८ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने शेवटच्या वर्षाच्या परीक्षा घ्याव्याच लागतील असं सांगितलं आणि त्या ऑक्टोबरात कितीतरी मुलांनी घरच्या डायनिंग टेबलावर बसून पदवी मिळवली. दार गेलं. आता तर समोरच्याचा पेपरही गेला. तीनशे चारच्या उत्तरात एकही शब्द दुसऱ्या कोणाशी जुळत नव्हता. साम्य शून्य टक्के! मग या गृहस्थांनी लुबाडलं कोणाला?

ही मात्र चार रात्री ओट्यावर वही ठेवून लिहीत होती. सुरुवात सगळ्यांसारखीच, १८४८, पुणे, भिडेवाडा, सावित्रीबाई. दुसऱ्या पानावर ती एकदम उरणकडच्या आपल्या आजीवर गेली. आजीने एकदा एका कागदावर अंगठा दिला. कागद घरातल्याच माणसाने आणला होता, कशाचा ते सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. पुढच्या आषाढात ती भात लावायला गेली तर शेत दुसऱ्याचं झालेलं. बांधावर उभी राहून आली परत. मरेपर्यंत ती शाईच्या पॅडला हात लावत नसे, मतदानाच्या दिवशीसुद्धा तिला समजावून न्यावं लागे. हिने हे सगळं लिहिलं, ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा न करता. वीस वर्षांच्या संसारात मला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिने ते मला सांगितलं नाही, सत्तावीस वर्षांच्या त्या पोराला सांगितलं, कारण त्याने विचारलं होतं.

गुण आले. तीनशे चार, दहापैकी नऊ, 'उत्तम मांडणी'. आमच्या हिला सहा, 'विषयांतर टाळावे'.

मी भडकलो. ही नाही. ही म्हणाली, "माझं वाचलं तरी त्यांनी. विषयांतर आहे हे वाचल्याशिवाय कळतं का?"

आता बँकेतली एक गोष्ट सांगतो. सही तपासताना आम्ही ती जुळते का बघतो हे खरं, पण दोन सह्या केसाचाही फरक न पडता जुळल्या तर उलट शंका येते. जिवंत हाताची सही दोनदा तशीच्या तशी येत नाही. तशीच आली तर ती गिरवलेली असू शकते. पेन्शनच्या दिवशी येणाऱ्या आजोबांची सही दर महिन्याला वेगळ्या दिशेला घसरते, पण घसरणारे आजोबा तेच असतात. हिचे सहा गुण मला त्या सहीसारखे वाटले.

आणि अंगठा? ज्याला सही येत नाही त्याचा अंगठा घेताना बँकेत किती सोपस्कार! माणूस स्वतः हजर पाहिजे, ओळखीचा साक्षीदार पाहिजे, कागदात काय आहे ते त्याला वाचून, समजावून सांगितलं पाहिजे. सही करणाऱ्याला मात्र कोणी काही वाचून दाखवत नाही. वाचलं, समजलं, मान्य आहे, हे सहीतच आलं. तीनशे चारच्या उत्तराखाली एक चौकोन होता, 'वरील लेखन माझे स्वतःचे आहे'. त्यात त्यांनी बरोबरची खूण केली होती. मी सहज विचारलं, "वाचलंत का हो वरचं?" तर म्हणाले, "छे हो, पाचशे शब्द होते!"

तेव्हा मला लोकलमधला हिशेब लागला. चोरीबिरी काही नाही, यांनी अंगठा दिला होता. हिच्या आजीला अक्षर येत नव्हतं म्हणून तिने न वाचता दिला. यांना येत असून दिला. आणि पलीकडे ते पोर रात्री जागून अशी चाळीस-चाळीस उत्तरं वाचतं, ज्यांच्यातून कोणाचाच आवाज येत नाही. उद्या कंटाळून त्यानेही तपासणी मोबाइलला सांगितली, तर एक यंत्र लिहील, दुसरं गुण देईल आणि महाराष्ट्रातल्या स्त्रीशिक्षणाची वाटचाल ती दोघं आपसात करतील.

एवढ्यात नवी सूचना आली. प्रत्येकाची दहा मिनिटं तोंडी परीक्षा, कॅमेऱ्यासमोर, स्वतःच्या गृहपाठावर.

रविवारी संध्याकाळी दाराची बेल वाजली. तीनशे चार, हातात आपल्याच उत्तराची छापील प्रत.

"वहिनी, वेळ आहे का? यात मी काय म्हटलंय तेवढं जरा समजावून सांगाल?"

हिने ओले हात पदराला पुसले, चष्मा लावला आणि त्यांना खुर्ची दिली. मी साक्षीदार म्हणून शेजारी बसलो.

"हं, भाऊजी," ही म्हणाली, "पहिलं वाक्य तुम्हीच वाचा. मोठ्यानं."