मदतीची पेटी

जुम्म्याच्या नमाजनंतर मदतीची पेटी फिरते तेव्हा आपण आधी विचारतो, कुणासाठी? पॅलेस्टाइनसाठी म्हटले की हात आपसूक खिशात जातो. परक्या देशातल्या ख्रिस्ती निर्वासितांसाठी म्हटले तर? आमचाही हात क्षणभर अडखळेल, हे कबूल केलेले बरे.

१६ एप्रिल २०१६ रोजी पोप फ्रान्सिस ग्रीसच्या लेस्बोस बेटावरील निर्वासितांना भेटले आणि परतताना १२ सिरियन माणसांना आपल्या विमानातून रोमला घेऊन गेले. तीन कुटुंबे, तिन्ही मुसलमान. त्यांच्या राहण्याची सोय सान्त एजिदियो या कॅथलिक संघटनेने केली. ख्रिस्ती कुटुंबे का नाहीत, असे विचारल्यावर पोपनी सांगितले, की धर्म पाहून निवड केलेली नाही. यादीतल्या दोन ख्रिस्ती कुटुंबांचे कागद पुरे नव्हते. धर्माची भिंत ओलांडली, कागदाची मात्र उरली!

मिशनऱ्याची मदत म्हणजे धर्मांतराचा डाव, हा संशय आपल्यात मुरलेला आहे. इतिहासात त्याला आधार नाही, असे नाही. पण सिरियातल्या होम्स शहरात फादर फ्रान्स व्हान डेर लुख्त हे डच जेझुइट काय मिळवायला थांबले होते? जुन्या शहराला वेढा पडलेला, लोक उपाशी. मठात ख्रिस्ती आणि मुसलमान दोघांनाही आसरा होता. फेब्रुवारी २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शेकडो लोकांना बाहेर काढले, तेव्हाही ते गेले नाहीत. ७ एप्रिलला त्यांना मठातच गोळी घालून ठार केले गेले.

आपल्याकडे लगेच मसला निघतो, की जकात गैरमुस्लिमाला चालत नाही. बहुतेक फकिहांचे मत तसेच आहे. पण सदका तर कुणालाही देता येतो. आश्रय मागणाऱ्या मुश्रिकालाही आश्रय द्या, असे सूरह तौबात आहे. मग जकातीच्या नियमाआड लपतो ते कशासाठी?

मक्केहून हिजरत करून गेलेल्या पहिल्या मुसलमानांना हबशाच्या नजाशीने ठेवून घेतले. कुरैशांचे दूत नजराणे घेऊन त्यांना परत मागायला आले, तर नजराणे परत पाठवले. पुढे नजाशीने इस्लाम स्वीकारला, हे आपण आवर्जून सांगतो. दार उघडले त्या दिवशी तो ख्रिस्तीच होता, हे सांगायचे मात्र बहुधा राहून जाते.